जी. एं.ची 'स्वामी': महंत इतकं गोड काहून बोलतो?

या आठवड्याचा भाग ज्यांचा ऐकायचा राहिला त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त अडखळलो तेवढं काढलंय.

'तुंबाड'वर बोललो तेव्हापासून एकच मेसेज येतोय: मराठीत अजून असं काय आहे? 'तुंबाड' 2018 ला आला आणि 2024 मध्ये परत थिएटरला लागला, तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला. त्यातली ती आजी नारायण धारपांच्या कथेवरून आलेली आहे, हे आपण बोललोच. म्हणून मी दोन नावं सुचवली होती. एक धारप आणि दुसरे जी. ए. कुलकर्णी. धारप सगळ्यांनी वाचले. जी. ए. मात्र बहुतेकांनी तिसऱ्या पानावर सोडले. कळमनुरीच्या एका श्रोत्याने सरळ लिहिलं, "भाऊ, भीती वाटायला आधी वाक्य तर कळलं पाहिजे ना."

तक्रार रास्त आहे. आज तिच्यावरच बोलायचंय.

कथेचं नाव 'स्वामी'. दीर्घकथा आहे, 'पिंगळावेळ' या 1977 च्या संग्रहात. (रणजित देसाईंची कादंबरी वेगळी, ती माधवराव पेशव्यांवर. ऑर्डर करताना बघून करा.) पिंगळा म्हणजे उजाडायच्या आधी ओरडणारं ते छोटं घुबड. जी. ए. धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. 'काजळमाया'ला 1973 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि तो त्यांनी परत केला. माणूस कळायला एवढं पुरे.

कथा सांगायला दोन मिनिटं लागतात. प्रवासात एक माणूस अडकतो. पुढची गाडी लगेच नाही. एक महंत भेटतो, फार अदबीने बोलतो आणि मठात मुक्कामाला नेतो. मठ दाखवत दाखवत खाली, आणखी खाली नेतो. शेवटी एका खोलीत दार बंद होतं आणि याला कळतं, की आता आपणच या मठाचे 'स्वामी'. जेवण मिळेल, मान मिळेल, लोक पूजतील. बाहेर पडणं तेवढं नाही. पुढे हवा यायची एक वाट आहे आणि एक वेल आहे. त्याच्या पुढचं सांगणार नाही.

भूत नाही, रक्त नाही, कुणी ओरडत नाही. मग ही भयकथा कशी?

आपल्या हिंगोलीकरांना हे समजायला एक सोय आहे. औंढ्याला नागनाथाच्या गाभाऱ्यात तुम्ही उतरलाय. लिंग तळघरात आहे. अरुंद दगडी पायऱ्या, वाकून खाली जायचं, डोक्यावर दगड, आत माणसांची गर्दी आणि दमट हवा. श्रद्धा कितीही असली तरी छाती एक क्षण म्हणते, आता वर चला. आपण लगेच वर येतो, म्हणून तो क्षण विसरतो. जी. ए. तोच क्षण पानंच्या पानं लांबवतात. तिथे वाक्य जर धारपांसारखं भरभर पळालं, तर तुम्ही दोन मिनिटांत खाली जाऊन वर याल. लांब वाक्य तुम्हाला वर येऊ देत नाही. एका उपमेतून दुसरी निघते, तुम्ही क्रियापद शोधत राहता, आणि तेवढ्यात आणखी एक पायरी उतरलेली असते. वाचणाऱ्याचा श्वास कोंडतो तो गोष्टीमुळे थोडा आणि वाक्यामुळे जास्त.

आता त्या फुशारकीच्या बोलण्याबद्दल. भयकथेत जास्त शहाणं बोलणारा माणूस जुना आहे. एडगर ॲलन पोच्या 'द टेल-टेल हार्ट'मध्ये (1843) खुनी स्वतःच गोष्ट सांगतो आणि सारखं पटवतो, की मी वेडा नाही, बघा मी किती पद्धतशीर काम केलं. लव्हक्राफ्टची 'ॲट द माउंटन्स ऑफ मॅडनेस' ही लघुकादंबरी 1936 मध्ये छापली गेली. तिच्यात अंटार्क्टिकाला गेलेला भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक रिपोर्ट लिहावा तसा बोलतो. खडक, थर, मापं, परत खडक. कंटाळा येतो, खरं सांगतो. पण एवढा मोजूनमापून बोलणारा माणूस जेव्हा 'हे मला सांगता येत नाही' असं म्हणतो, तेव्हा आपल्याला धडकी भरते.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. जो प्रोग्राम लॉगमध्ये दर दोन ओळींनी 'सगळं ओके' लिहितो, त्याच्यावर माझा आधी संशय असतो. कारण कुणीतरी कधीतरी घाबरून ती ओळ टाकलेली असते. पोचा खुनी तसाच आहे.

'स्वामी'त हे काम महंताकडे आहे, आणि इथे जी. ए. पोच्याही पुढे जातात असं मला वाटतं. पोचा माणूस स्वतःला पटवत असतो. महंताला स्वतःबद्दल काही शंकाच नाही. तो खोटं फारसं बोलत नाही, धमकी देत नाही, आवाज चढवत नाही. परंपरा, मठाची गरज, तुमचं भाग्य, सगळं व्यवस्थित मांडतो. कैद्याला 'तू' नाही म्हणत. त्याच्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यायला जावं तर आपण आधीच त्याच्या शब्दांत बोलायला लागलेलो असतो. पहिल्यांदा वाचताना माझं मन मध्येच म्हणालं, 'बरोबर आहे की याचं.' मग मी पुस्तक खाली ठेवलं आणि पाणी प्यायलो.

ही भाषा जुनी वाटत असेल तर 'डिजिटल अटके'चे कॉल आठवा. व्हिडिओ कॉलवर साहेब असतात, मागे शिक्का, कलमं, प्रोसिजर. अतिशय सभ्य आवाजात सांगतात, खोलीतून बाहेर पडू नका, कॉल बंद करू नका, कुणाला सांगू नका. आणि शिकलेली माणसं तासन्‌तास स्वतःच्या घरात कैदी होतात. कायद्यात अशी अटकच नाही. दाराला कुलूप नसतं, बोलण्याचंच कुलूप असतं. (असा कॉल आला तर कट करा आणि 1930 ला फोन लावा. हे विषयाला सोडून आहे, पण सांगणारच.) महंताचं बोलणं अवघड का ठेवलंय हे मला या कॉलवरून जास्त कळलं. तो सोपं बोलला असता तर त्या माणसाला पहिल्याच पायरीवर समजलं असतं.

मग वाचायचं कसं? शब्दकोश घेऊन बसू नका, त्याने गोष्ट मरते. आपल्याकडे श्रावणात पोथी लावतात ते आठवा. 'हरिविजय' असो की 'पांडवप्रताप', ओव्या काय सोप्या असतात का? एक जण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बायका वाती वळता वळता ऐकतात आणि कुणी उठून जात नाही. अवघड मराठी कानाने पचवायची सवय आपल्या गावांना आहे, आपल्या पिढीचीच ती फोनमुळे जरा मोडली. तेच करा. मित्रासोबत बसा, एकाने मोठ्याने वाचा, अडलं तिथे दुसऱ्याने थांबवा. न कळलेली उपमा सोडून द्या, पुढची तिला ओढून आणते. आणि एकटेच वाचत असाल तर एका बैठकीत दहा पानं बस झाली. आमचे एपिसोड दीडपट स्पीडने ऐकता ते ठीक आहे, माझं काही म्हणणं नाही. जी. ए. मात्र त्या स्पीडने वाचायला गेलात तर हातात फक्त एक बंद खोली राहील, कोंडणं राहणार नाही.

सगळंच मला आवडतं असं नाही. मधल्या काही चर्चा लांबल्यात, आणि काही उपमा मला फक्त मिरवायला आल्यासारख्या वाटतात. तिथे मी डोळे पुढे पळवतो. ज्यांना जी. ए. देवासारखे आहेत ते चिडतील, चिडू द्या.

'पिंगळावेळ' पॉप्युलर प्रकाशनाचं आहे. पुढच्या भागात त्या वेलाबद्दल आणि शेवटाबद्दल बोलणार आहे. पंधरा दिवस आहेत, वाचून या. नंतर स्पॉयलरची तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.