पायाचा खर्च कसा काढावा?

घर बांधायला निघालेला माणूस गवंड्याला पहिला प्रश्न विचारतो, "पायाला किती लागतील?" उत्तर बहुधा अंदाजपंचे मिळते. पाया एकदा बुजला की दिसत नाही, त्यामुळे पैसे कमी पडू लागले की पहिली काटकसरही तिथेच होते. वास्तविक हा हिशेब नववीच्या गणितापलीकडचा नाही. एका लहान घरासाठी तो आपण करून पाहू या. त्यातला कोणता आकडा खर्च सर्वांत जास्त वाढवतो, हेही शोधू या.

लांबी किती धरायची?

शेजारी शेजारी दोन खोल्या असलेले घर घेऊ. बाहेरच्या भिंतींच्या मध्यरेषा ७ मीटर आणि ४ मीटर लांब आहेत, आणि मधली भिंत ४ मीटरची आहे. पायासाठी ०.९ मीटर रुंद आणि १ मीटर खोल चर खणायचा आहे.

चराची लांबी बाहेरून मोजावी की आतून? बाहेरून मोजली तर कोपरे दोनदा येतात, आतून मोजली तर सुटतात. मध्यरेषेवर मोजली की चूक उरत नाही. मोठ्या आयताचे क्षेत्रफळ ७.९ × ४.९ = ३८.७१ चौरस मीटर, आतल्याचे ६.१ × ३.१ = १८.९१. वजाबाकी १९.८. आता मध्यरेषेची लांबी २२ मीटर गुणिले रुंदी ०.९, उत्तर तेच, १९.८! हे नेहमीच का जुळते, ते विद्यार्थ्यांनी अक्षरे वापरून सिद्ध करावे.

मधल्या भिंतीचा चर मात्र बाहेरच्या चरांना मिळतो, म्हणून त्याची लांबी ४ − ०.९ = ३.१ मीटर. एकूण लांबी २५.१ मीटर. दगडी बांधकामाची रुंदी चरापेक्षा कमी असल्याने तिथे ही वजाबाकीही कमी होईल.

कामाची मापे

खोदाई : २५.१ × ०.९ × १ = २२.५९ घनमीटर.
तळाचे काँक्रीट (१:४:८), जाडी ०.१५ मीटर : २५.१ × ०.९ × ०.१५ = ३.३९ घनमीटर.
जमिनीखालचे दगडी बांधकाम, रुंदी ०.६, उंची ०.८५ मीटर : २५.४ × ०.६ × ०.८५ = १२.९५ घनमीटर.
जोते, रुंदी ०.४५, उंची ०.४५ मीटर : २५.५५ × ०.४५ × ०.४५ = ५.१७ घनमीटर.

म्हणजे दगडी बांधकाम सुमारे १८.१ घनमीटर.

मापांवरून माल

काँक्रीट ओले करून ठोकले की आकसते, म्हणून कोरडा माल सुमारे १.५४ पट धरतात. ३.३९ × १.५४ = ५.२२ घनमीटर. त्याचे १ + ४ + ८ = १३ भाग केले, तर एक भाग ०.४ घनमीटर. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याचे आकारमान सुमारे ०.०३५ घनमीटर असते, म्हणून साधारण १२ पोती. वाळू १.६ आणि खडी ३.२ घनमीटर.

डबराच्या बांधकामात साधारण एक तृतीयांश जागा मसाल्याची असते. मसाला १:६ प्रमाणात धरला आणि कोरडा माल १.३ पट घेतला, तर सिमेंट ३२ पोती आणि वाळू ६.७ घनमीटर लागते. डबर बांधकामाच्या सव्वापट धरावा.

बाजारात वाळू, खडी, डबर ब्रासने मिळतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. एकूण माल असा : सिमेंट ४४ पोती, वाळू ३ ब्रास, खडी १.२ ब्रास, डबर ८ ब्रास. खोदाईही ८ ब्रास.

रुपयांत

पुढील दर केवळ हिशेबासाठी मानलेले आहेत. आपण आपल्या गावचे दर घालावेत.

सिमेंट ४४ × ४०० = १७,६००
वाळू ३ × ७,००० = २१,०००
खडी १.२ × ४,००० = ४,८००
डबर ८ × ३,५०० = २८,०००
खोदाई ८ × १,००० = ८,०००
बांधकाम व काँक्रीटची मजुरी २१.५ घनमीटर × १,००० = २१,५००

बेरीज १,००,९०० रुपये. नासधूस आणि किरकोळ खर्चासाठी पाच टक्के धरले तर सुमारे १,०६,००० रुपये. जोत्यातला भराव, फरशी आणि पाणी यांचा हिशेब वेगळा.

खरा प्रश्न चराच्या खोलीचा

आता सिमेंट दहा टक्क्यांनी महागले असे समजू. खर्च १,७६० रुपयांनी, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी वाढतो. पण चर अर्धा मीटर जास्त खोल न्यावा लागला तर? खोदाई ११.३ घनमीटरने आणि बांधकाम ७.६ घनमीटरने वाढते. आपल्याच दरांनी ही वाढ सुमारे ३६,००० रुपये होते, म्हणजे मूळ खर्चाच्या एक तृतीयांशाहून जास्त! आपण पोत्याच्या भावात घासाघीस करतो, आणि हिशेब उलटवणारा आकडा मात्र जमिनीखाली दडलेला असतो.

हा आकडा आपली ऐपत ठरवत नाही, जमीन ठरवते. दख्खनच्या पठारावरची काळी माती बेसॉल्ट खडक झिजून झालेली आहे. तिच्यातले मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते, आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा आपण पाहतोच. अशा मातीत उथळ पाया दर पावसाळ्यात उचलला जातो आणि दर उन्हाळ्यात खचतो. हे सर्वत्र सारखे होत नाही, म्हणून भिंतींना तिरक्या भेगा पडतात. पाया या थराखालच्या घट्ट मुरमावर टेकला पाहिजे. काळी माती फार खोल असेल तर चर खणत जाणे परवडत नाही. तिथे तळाशी फुगवटा असलेल्या काँक्रीटच्या खांबांचा, म्हणजे अंडर-रीम्ड पाइलचा पाया घेतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत विकसित केली. त्यासाठी अभियंत्याचा सल्ला हवाच.

म्हणून अंदाजपत्रकाआधी जागेवर एक मीटर लांब-रुंद आणि दीड मीटर खोल असा चाचणी-खड्डा घ्यावा. त्याची खोदाई १.५ घनमीटर, सुमारे अर्धा ब्रास, खर्च ५०० रुपयांच्या आसपास. मुरूम कुठे लागतो ते कळले की ३६,००० रुपयांचा प्रश्न कामाआधीच सुटतो, आणि जमले नाही तर बेत बदलायला वेळही मिळतो. चराची रुंदी किती हवी, ते भिंतींचा भार आणि जमिनीची ताकद पाहून अभियंत्याकडून ठरवून घ्यावे.

वर्गासाठी : गावात विहीर किंवा पायाचा खड्डा खणला जात असेल तिथे विद्यार्थ्यांनी मातीचे थर मोजावेत, स्थानिक दर विचारावेत आणि हे अंदाजपत्रक पुन्हा करावे. पुढची पायरी म्हणून जोत्याच्या माथ्यावर ०.१५ मीटर जाड लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटचा पट्टा घातला तर काँक्रीट किती लागेल, ते काढावे. भूकंपप्रवण भागात आणि कच्च्या जमिनीवर असा पट्टा घर एकसंध ठेवतो.