दोन सूर वर, एक खाली

1610 साली व्हेनिसमध्ये इटालियन संगीतकार मोंतेव्हेर्दीचं सांजप्रार्थनेचं संगीत छापून निघालं आणि 1616 साली गोव्यात, सासष्टीतल्या रायतूरला फादर स्टीफन्सचं मराठी क्रिस्तपुराण. दोन्ही एकाच दशकातलं. पुराणाच्या ओव्या मराठीच्या अभ्यासक्रमात आल्या, म्हणून त्यांची ओळख तरी आहे. पण ज्या गोव्यात त्या वाचल्या जात, तिथल्याच चर्चमध्ये लॅटिन समूहगायनही चाले, हे आपल्याकडे क्वचितच कुणी सांगतं.

बरोक म्हणजे युरोपीय संगीतातला ढोबळमानाने 1600 ते 1750 चा काळ, मोंतेव्हेर्दीही त्यातलाच. त्याची ओळख एका फरकावरून पटते. आमच्या डाळज गावच्या भजनात बुवांनी चाल धरली की सगळं मंडळ तीच चाल उचलतं. आवाज वीस असले तरी सूर एकच. बरोक कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, प्रत्येक गटाची चाल वेगळी. वर दोन आवाज एकमेकांना धरून चालतात आणि खाली ऑर्गन किंवा चेलो मंद्रातला धागा सोडत नाही. हा खालचा धागा नीट ऐकू आला की बाकीचं आपोआप उलगडतं. जर्मन संगीतकार बाखने लायप्झिगमध्ये 1723 पासून 1750 पर्यंत चर्चसाठी जे लिहिलं, ते याच पायावर उभं आहे. त्यातलं बरंचसं तर येत्या रविवारच्या उपासनेसाठी, घाईघाईत लिहिलेलं.

गोव्यात हे रुजलं ते चर्चला जोडलेल्या शाळांमुळे. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून त्या गावोगाव निघाल्या. मुलांना धर्मशिक्षण, अक्षरओळख आणि त्याबरोबरच संगीत. शिकवणारा तो मेस्त्र. कॉयर त्याच्या हाताखाली, व्हायोलिन तो शिकवणार, सणाला गाणं तो बसवणार. सुरांची नावं तोंडपाठ झाल्याशिवाय पोराच्या हाती वाद्य मिळत नसे. शेतकऱ्याचा मुलगाही कागदावरची स्वरलिपी बघून गाऊ लागला. धर्मांतराचा आणि इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाचा इतिहास याच्या मागे आहे, तो विसरून या शाळांचं कौतुक करणं मला जमत नाही. पण शाळांनी जे शिकवलं ते खरंच शिकवलं, हेही तितकंच खरं.

आज त्याचा सर्वांत जिवंत नमुना म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातले मोतेत. क्रूस खांद्यावर घेतलेल्या ख्रिस्ताच्या मूर्तीची मिरवणूक निघते, लॅटिन शब्दांचे छोटे मोतेत गायले जातात, साथीला व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि डबल बेस. ख्रिस्ताचा चेहरा पुसणारी वेरोनिका झालेली मुलगी ख्रिस्ताचा चेहरा उमटलेलं कापड हळूहळू उलगडत एकटी गाते. आता काटेकोर अभ्यासक म्हणतील, हे मोतेत गोव्यातल्याच मेस्त्रांनी बरेचसे एकोणिसाव्या शतकात रचलेले, त्यांत इटालियन ऑपेराचा वास येतो. याला बरोक कसं म्हणायचं? तारखा पाहिल्या तर म्हणता येणार नाही. पण कान लावला तर वर तिसऱ्या स्वराच्या अंतराने चालणारे दोन आवाज आणि खाली मंद्राचा आधार, ही मांडणी तीच. बरोकच्या रचना गोव्यात फार टिकल्या नाहीत, सवय टिकली. माझ्या मते तीच मोठी गोष्ट.

ही सवय चर्चबाहेरही पोचली. मे महिन्यात वाड्यावाड्यांवरच्या क्रुसापुढे लादाईन, म्हणजे लॅटिन प्रार्थनागान, होते. एक व्हायोलिनवाला, चारसहा जाणती माणसं आणि बाकीचा वाडा. लॅटिनचा अर्थ कुणाला किती कळतो ते सोडा. दुसरा आवाज कुठे धरायचा, हे मात्र मागच्या रांगेतल्या आजीलाही ठाऊक. मग उकडलेले चणे आणि घोटभर फेणी.

1903 मध्ये पोप दहाव्या पायसने चर्चमधल्या नाटकी संगीतावर बंधनं घातली. 1962 ते 65 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकभाषेत आली. कोंकणी गाणी आली, लॅटिन मागे सरलं. उपासना समजू लागली हे चांगलंच झालं, पण जुन्या वह्या पेटाऱ्यांत गेल्या.

मेस्त्रांचे शिष्य मात्र त्याआधीच पोटासाठी मुंबईला पोचले होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात त्यांनी नाव काढलं, पुढे संगीतकार झालेल्या प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं आणि 1958 मध्ये भारतीय सिंफनी वाद्यवृंद उभा केला. ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातल्या एका गाण्यात या शिष्याने गुरूचंच नाव घातलं. मुख्य चालीमागे व्हायोलिनची दुसरी चाल फिरवण्याचं कसब गोव्याच्या कॉयरमध्ये घटवलेलं होतं.

खुद्द बरोक रचना ऐकायच्या तर मुंबई सोयीची. व्हिक्टर परंजोती आणि त्यांच्यानंतर कूमी वाडिया यांनी जो कॉयर घडवला, त्याने इथल्या श्रोत्यांना समूहगायनाची गोडी लावली. नवख्याने विवाल्डीच्या ‘ग्लोरिया’पासून सुरुवात करावी. विवाल्डी व्हेनिसच्या अनाथ मुलींच्या संस्थेत शिकवत असे. त्याचं हे काम दोनशे वर्षं धूळ खात पडलं होतं. आधुनिक काळात ते प्रथम वाजलं 1939 मध्ये, सिएनाला. हँडेलचा ‘मसीहा’ नंतर घ्यावा. तो लांब आहे, आणि एका प्रसिद्ध तुकड्यापुरताच ऐकून लोक उठतात.

गोव्याला जायचं तर जुन्या गोव्यातल्या टेकडीवरच्या चॅपलमध्ये होणारा मोंते संगीत महोत्सव नीटस असतो, बसायला खुर्च्याही मिळतात. पण निवड करायची झाली तर मी उपवासकाळातला रविवार धरीन. मिरवणुकीचा रविवार प्रत्येक चर्चचा वेगळा असतो, तेव्हा आधी चौकशी करावी आणि उभं राहायची तयारी ठेवावी. जागा धरायची ती डबल बेसजवळ.