तोंडात जन्मदाखला!

घोड्याचा जन्मदाखला कुठे असतो, सांगा पाहू? त्याच्या तोंडात! घोड्याला पुढे वर सहा आणि खाली सहा दात असतात. शिंगराचे हे दात दुधाचे, म्हणजे छोटे आणि पांढरेशुभ्र. अडीच वर्षांच्या सुमारास अगदी मधले दोन वरचे आणि दोन खालचे पडतात, तिथे मोठे, पिवळसर, कायमचे दात येतात. साडेतीनच्या आसपास त्यांच्या शेजारचे बदलतात आणि साडेचारला कडेचे. म्हणून तर जाणकार माणूस घोड्याचा ओठ वर करतो आणि झटकन वय सांगून मोकळा होतो.

आता चला इंग्लंडमधल्या एप्समला. तिथे १७८० पासून 'डर्बी' ही शर्यत होते. धावायचं फक्त तीन वर्षांच्या घोड्यांनी. शर्यतीचं नाव ठरवायला लॉर्ड डर्बी आणि सर चार्ल्स बनबरी यांनी नाणं उडवलं, असं म्हणतात. नाव डर्बींचं लागलं, पण पहिली शर्यत मारली बनबरींच्या डायोमेडने! तेव्हा अंतर होतं एक मैल. १७८४ पासून ते दीड मैल झालं.

तीनच वर्षांचे का? या वयात घोडा अजून भरत असतो. त्याच्यापेक्षा वर्षाने मोठा घोडा अंगाने चांगलाच दणकट. पाचवीच्या शर्यतीत सातवीतला दादा घुसवला तर काय होईल?

१८४४ साली नेमकं तेच झालं. 'रनिंग रेन' पहिला आला आणि कुजबुज सुरू झाली. हा तर मॅकाबियस नावाचा दुसराच, चार वर्षांचा घोडा! दुसऱ्या आलेल्या ऑर्लँडोच्या मालकाने, कर्नल पील यांनी, हरकत घेतली. प्रकरण कोर्टात गेलं. न्यायाधीश म्हणाले, घोडा हजर करा. बरोबरच आहे, साक्षीदार कितीही बोलले तरी दात थोडेच खोटं बोलणार? पण घोडा काही हजर झाला नाही! विजेता ठरला ऑर्लँडो.

आता आणखी एक गंमत. इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडे शर्यतीच्या घोड्यांचा वाढदिवस एकाच दिवशी धरतात, १ जानेवारीला. ३१ डिसेंबरला जन्मलेलं शिंगरू दुसऱ्याच दिवशी एक वर्षाचं!

आपली इंडियन डर्बी मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर होते, १९४३ पासून. ती असते फेब्रुवारीच्या सुमारास, म्हणजे सगळ्यांचा वाढदिवस उरकल्यावर. त्यामुळे तिथे धावतात चार वर्षांचे घोडे. मॅकाबियसला इथे कुणी अडवलं नसतं!