लहानग्यांसाठी पहिली मातीवाट

२०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकलशर्यत पूर्ण केली आणि नाशिकच्या सायकलवेडाला नवी उंची मिळाली. पोरांना मात्र आधी साधी मातीवाट हवी.

आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशनच्या वर्गवारीत सोपी वाट, म्हणजे ‘हिरवे वर्तुळ’, अशी असते: रुंदी किमान ९० सेंटिमीटर, सरासरी चढ ५ टक्क्यांपर्यंत, टाळता न येणारे अडथळे ५ सेंटिमीटरहून उंच नाहीत. वाट निवडताना हीच मापे लावा. पांडवलेणीची वाट पायऱ्यांची, ती सोडा. गंगापूर, गिरणारे भागातल्या मुरमाच्या सपाट शिवाररस्त्यांवर सुरुवात करावी. वाट खासगी मळ्यातून जात असेल तर आधी मालकाला विचारा. कालव्याच्या काठाने मुलांना नेऊच नका.

पावसाळ्यात काळी माती चाकांत गच्च भरते, मुरमातून पाणी लवकर निचरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ उत्तम. बाभळीच्या काट्यांनी पंक्चर ठरलेलेच, म्हणून जादा ट्यूब आणि पंप सोबत हवा. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकावेत, ब्रेक मुलाच्या बोटांनी सहज दाबला जावा आणि हेल्मेट घट्ट असावे. आधी मोठ्यांनी ती वाट पायी पाहून यावी.