मोआब : तीन पिढ्यांना सामावून घेणारं वाळवंट

अमेरिकेच्या युटा राज्यात, आग्नेय कोपऱ्यात, कोलोरॅडो नदीच्या काठी मोआब नावाचं गाव वसलं आहे. वस्ती पाच हजारांहून थोडी अधिक. एक मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना हॉटेलं आणि सायकली-तराफे भाड्यानं देणारी दुकानं, आणि पाठीमागे तांबड्या कातळाचे उभे कडे. आर्चेस राष्ट्रीय उद्यान इथून आठ किलोमीटरवर आहे, तर कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानाचा सर्वात जवळचा भाग तासाभराच्या आत येतो. आग्नेयेला ला साल पर्वताची शिखरं साडेतीन हजार मीटरपलीकडे चढलेली. खाली वाळवंट तापू लागलं तरी त्यांच्यावर बर्फ दिसत राहतं.

मुलांकडे अमेरिकेत जाणारे मराठी आईवडील नायगारा, न्यूयॉर्क, लास व्हेगास आणि ग्रँड कॅन्यन पाहून परततात. मोआबचं नाव त्या यादीत क्वचित असतं. आजी-आजोबा, काका-काकू, मुलगा-सून, लेक-जावई आणि नातवंडं असा सगळा गोतावळा घेऊन निघायचं असेल, तर मोआबइतकी अनुरूप जागा माझ्या पाहण्यात नाही. इथल्या निसर्गात शंभर पावलांची वाट आहे आणि दमछाक करणारी चढणही. ज्याला जे झेपेल ते त्यानं करावं आणि तरीही कोणाच्या वाट्याला कमी येऊ नये, हे इथे खरोखर घडतं.

या मुलखाची घडण समजली की पाहण्याची गोडी वाढते. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. तो पुन्हा पुन्हा आटत गेला आणि मिठाचे प्रचंड जाड थर मागे राहिले. त्यांच्यावर पुढे वाळू, गाळ यांचे थर साचून त्यांचा खडक झाला. भाराखाली मीठ घट्ट राहत नाही, ते हळूहळू सरकतं, फुगतं, खचतं. त्या हालचालीनं वरच्या वालुकाश्माला समांतर भेगा पडल्या. भेगांमध्ये पाणी शिरलं, हिवाळ्यात गोठून फुगलं, कण सैल झाले, आणि उभ्या कातळभिंती सुट्या झाल्या. काही भिंतींना मध्येच भोक पडलं, ते मोठं होत गेलं आणि कमान तयार झाली. आर्चेसमध्ये अशा नोंदलेल्या कमानी दोन हजारांहून अधिक आहेत. खडकातल्या लोहाच्या ऑक्साइडनं त्यांना तांबडा रंग दिला. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, काळ्या बेसाल्टचा. इथला डोंगर वाळूचा. म्हणून तो लवकर झिजतो. लँडस्केप आर्च ही सुमारे ९० मीटर लांबीची, मधोमध अगदी सडपातळ झालेली कमान. तिचा १८ मीटर लांबीचा तुकडा १९९१ साली कोसळला, तेव्हापासून तिच्याखालून जाणारी वाट बंद आहे. ऑगस्ट २००८ मध्ये जवळचीच वॉल आर्च एका रात्रीत कोसळली. नातवंडांना भूगोल शिकवायला यापेक्षा चांगला वर्ग मिळणार नाही.

आर्चेसला १९२९ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा आणि १९७१ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. उद्यानातून जाणारा डांबरी रस्ता वयस्कर मंडळींसाठी मोठा आधार आहे. ३९ मीटर उंचीची बॅलन्स्ड रॉक गाडीतूनही दिसते. विंडोज भागात गाडी लावली की डबल आर्चपर्यंतची वाट जवळजवळ सपाट आहे. माझी आई काठी टेकत तिथे पोहोचली आणि दोन कमानींच्या छताखाली सावलीत बराच वेळ बसून राहिली. लहान मुलांसाठी सँड ड्यून आर्चची जागा सुरेख. दोन कातळभिंतींच्या फटीतून आत गेलं की पायाखाली गार, मऊ वाळू. भर दुपारीही तिथे बरीचशी सावली असते. मुलं तिथून हलायला तयार नसतात.

युटाच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर झळकणारी डेलिकेट आर्च मात्र कष्टानं मिळते. जाऊन-येऊन जवळपास पाच किलोमीटर, सुमारे दीडशे मीटरची चढण आणि उघड्या कातळावर सावलीचा पत्ता नाही. शेवटी कड्याला लागून कोरलेली अरुंद वाट. ती वळली की समोर १६ मीटर उंचीची कमान एकटी उभी. घरातल्या तरुणांनी हा चढ पहाटे चढावा. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी रस्त्यालगत खालचं दर्शनस्थळ आहे. चाकाच्या खुर्चीतूनही तिथे जाता येतं. कमान दूर दिसते, पण दिसते.

याच वाटेच्या सुरुवातीला एक लाकडी झोपडी आहे. जॉन वेस्ली वुल्फ हा यादवी युद्धात जखमी झालेला सैनिक १८९८ मध्ये ओहायोहून मुलाला घेऊन इथे आला आणि गुरं पाळू लागला. १९०६ मध्ये त्याची मुलगी, जावई आणि नातवंडं राहायला आली. इथले हाल पाहून मुलीनं वडिलांना लाकडी जमीन असलेलं नवं घर बांधायला लावलं. तेच आज उभं आहे. तीन पिढ्या त्या एका खोलीत राहिल्या आणि १९१० मध्ये सगळेच ओहायोला परतले. झोपडीपासून थोड्याच अंतरावर यूट लोकांनी कातळावर कोरलेले घोडेस्वार आणि रानमेंढ्या आहेत. या भूमीचे मूळ रहिवासी ते. ही चित्रं पाहताना हात लावू नये, बोटांचं तेल त्यांना खातं.

मोआबच्या इतिहासात एक जखमही आहे. १९५२ मध्ये चार्ली स्टीन या भूगर्भशास्त्रज्ञाला गावाच्या दक्षिणेला युरेनियमचा मोठा साठा सापडला आणि शेतकरी-गुराख्यांचं हे गाव खाणकामगारांनी भरून गेलं. युरेनियम शुद्ध करण्याचा कारखाना कोलोरॅडोच्या काठावरच उभा राहिला. तो १९८४ मध्ये बंद पडला, पण सुमारे १ कोटी ६० लाख टन किरणोत्सारी गाळ नदीकाठी उरला. हा गाळ रेल्वेनं उत्तरेला नेऊन पुरण्याचं काम २००९ मध्ये सुरू झालं. पुढच्या पिढीसाठी नदी स्वच्छ करायला किती कष्ट पडतात, हे मुलांना इथेच दाखवावं.

सगळ्या कुटुंबाला एका नावेत बसवते ती ही नदीच. गावाच्या वर, महामार्ग १२८ लगत, फिशर टॉवर्स भागात राफ्टिंग चालतं. दोन्ही बाजूंना तांबडे सुळके, मध्ये संथ डोह आणि अधूनमधून लहान-मध्यम खळाळ. मे-जूनमध्ये डोंगरातलं बर्फ वितळून पाणी चढतं, उन्हाळा सरताना ते उतरतं. मुलांच्या वयाची अट पाण्यानुसार आणि कंपनीनुसार बदलते, ती आधी विचारावी. लाईफ जॅकेट मात्र कोणीही, अगदी पट्टीच्या पोहणाऱ्यानंही, क्षणभर काढू नये. ज्यांना पाणी नको त्यांनी गावातून आर्चेसकडे जाणाऱ्या पक्क्या सायकलमार्गावर जावं. स्लिकरॉकचा प्रसिद्ध सायकलमार्ग कसलेल्या सायकलपटूंचा आहे, नवख्यानं त्याच्या नादी लागू नये.

संध्याकाळ ठेवावी डेड हॉर्स पॉइंटसाठी. कड्याखाली ६०० मीटरवर कोलोरॅडो मोठं वळण घेते. जवळच कॅन्यनलँड्सचं आयलंड इन द स्काय हे पठार आहे. त्याच्या टोकाला ग्रँड व्ह्यू पॉइंट. तिथून दरीत दरी, तिच्या पोटात आणखी दरी असं दृश्य क्षितिजापर्यंत दिसतं. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानात ग्रीन आणि कोलोरॅडो नद्यांचा संगम होतो. १८६९ मध्ये अन्वेषक जॉन वेस्ली पॉवेलची तुकडी लाकडी होड्यांतून याच पाण्यावरून गेली. अंधार पडल्यावर लगेच परतू नये. इथलं काळोखं आकाश जपण्याबद्दल या उद्यानांना आंतरराष्ट्रीय मान्यता आहे. शहरात वाढलेल्या मुलांनी आकाशगंगेचा पट्टा इथे पहिल्यांदा नीट पाहिला.

आता काळजीचं. वाळवंटात दिवसाचं वेळापत्रक सूर्य ठरवतो. जून ते ऑगस्ट दुपारी तापमान ३८ अंशांपलीकडे जातं. हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही आणि वयस्कर माणसाला शोष पडतो. माणशी दिवसाला चार लिटर पाणी हा इथला नियम आहे. आर्चेसमध्ये खाण्याचं दुकान नाही आणि पाणी मोजक्याच जागी मिळतं. म्हणून दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि मीठ-साखरेचं लिंबूपाणी बरोबर असू द्यावं. स्वयंपाकघर असलेलं घर भाड्यानं घेतलं तर हे सहज जमतं.

दुसरा धोका पुराचा. जुलै ते सप्टेंबरमध्ये इथे वादळी पाऊस येतो. डोक्यावर निळं आकाश असताना दूरवर पडलेल्या पावसाचा लोंढा अरुंद घळीत अचानक घुसतो. शेजारच्या ॲरिझोनात अँटिलोप कॅन्यनमध्ये ऑगस्ट १९९७ मध्ये अशाच लोंढ्यानं अकरा पर्यटकांचा जीव घेतला. घळीत उतरण्याआधी रेंजरना हवामान विचारावं. त्यांनी नको म्हटलं तर बेत रद्द करावा, मुलं कितीही हिरमुसली तरी.

आणि पाय वाटेवरच ठेवावेत. वाळूवर दिसणारी काळसर, खडबडीत खपली जिवंत असते. सूक्ष्मजीव, शेवाळ आणि दगडफूल मिळून ती माती धरून ठेवतात. एका पावलानं मोडलेली खपली भरून यायला कित्येक वर्षं लागतात.

सॉल्ट लेक सिटीहून मोआब गाडीनं सुमारे चार तासांवर आहे, डेन्व्हरहून सहा. एप्रिल-मे किंवा मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबर हा काळ उत्तम. उद्यानप्रवेशाचे नियम आणि शुल्क बदलत असतात, ते निघण्याआधी तपासून घ्यावेत. पुढच्या वेळी मुलांकडे जाल तेव्हा आणखी एका महानगराऐवजी हे गाव निवडा. घरातल्या सर्वात म्हाताऱ्या आणि सर्वात लहान माणसाला काय झेपेल तिथून बेत आखायला सुरुवात करा, म्हणजे मधल्यांनाही सहल पुरेपूर लाभेल.