बापाच्या सातबाऱ्यावर उभी पिढी

कोल्हापुरात कुठल्याही कट्ट्यावर हा वाद ऐकू येतो. साठी ओलांडलेला माणूस म्हणतो, "आमच्या वेळी शाळा सुटेपर्यंत पायात चप्पल नव्हती, तुम्हाला पंचविशीच्या आत बुलेट पाहिजे." त्यावर पंचविशीतला पोरगा म्हणतो, "तुम्हाला मॅट्रिकवर नोकरी लागली, आम्ही इंजिनिअर होऊन ठेकेदाराकडं राबतोय." दोघंही खरंच बोलत असतात, म्हणून हा वाद मिटत नाही.

आजची तरुण पिढी मागच्या पिढ्यांपेक्षा खरंच आर्थिकदृष्ट्या मागे पडली आहे का? माझं उत्तर आधीच सांगतो. रुपयांत मोजलं तर आजचा तरुण आजोबांपेक्षा गरीब नाही, बहुतेक घरांत वडिलांपेक्षाही नाही. वर्षांत मोजलं तर मात्र तो मागे आहे. स्वतःच्या पायावर उभं राहायला त्याला मागच्या पिढीपेक्षा जास्त वर्षं लागतात आणि ती बापाच्या ऐपतीवर काढावी लागतात. ज्याच्या बापाकडे पेन्शन आहे, पाण्याखालची जमीन आहे, तो थांबू शकतो. ज्याच्याकडे यातलं काही नाही, तो थांबू शकत नाही. एके काळी ही ऐपत आड येऊ नये म्हणून याच शहराने संस्था उभ्या केल्या होत्या.

आधी जमेची बाजू

१९५१ साली भारतात जन्मलेल्या मुलाचं सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. आज ते सत्तरीच्या घरात आहे. त्या वर्षी देशात शंभरातले अठरा लोक साक्षर होते. २०११ च्या जनगणनेत एकट्या कोल्हापूर जिल्ह्याची साक्षरता ८१ टक्क्यांच्या वर गेली. १९७२ च्या दुष्काळात राज्यातल्या किती तरी घरांनी रेशनच्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या. आज पोट भरण्याचा प्रश्न बहुतांश घरांत तेवढा तीव्र राहिलेला नाही. गावोगाव नळ आले, घरावर स्लॅब पडला, दारात मोटारसायकल आली. 'आमचे दिवस कठीण होते' असं वडीलधारी माणसं म्हणतात, ते अक्षरशः खरं आहे.

पण पोरांची तक्रार पोटाची नाहीच, ती शाश्वतीची आहे. ती समजून घ्यायची तर मागची पिढी कशाच्या आधाराने वर आली ते पाहायला हवं.

बाप सोडून दुसरा आधार

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघालं, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. खेड्यातल्या हुशार पोराचं शिक्षण बापाच्या खिशावर अवलंबून राहू नये, हा त्यामागचा विचार होता. १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या. १९०६ मध्ये शाहू मिल निघाली. १९१७ मध्ये सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला. वसतिगृह, शाळा, नोकरी आणि गिरणी असा सगळा जिना एका माणसाच्या कारकिर्दीत बांधला गेला.

पुढे त्यावर आणखी मजले चढले. याच जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका'चा मार्ग घालून दिला. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ आलं. बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना ईबीसी सवलत मिळाली आणि बाराशे रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्यांच्या पोरांची फी माफ झाली. वारणेला तात्यासाहेब कोरे यांनी कारखाना काढला, भोगावती, बिद्री, कुंभी-कासारी, शिरोळ असे नदीकाठ साखरेने बांधले गेले. १९६३ मध्ये जिल्हा दूध संघ स्थापन झाला, पुढे तो 'गोकुळ' या नावाने घराघरात पोचला. एका म्हशीचं दूध घालणाऱ्या घरालाही ठरलेल्या तारखेला बिल मिळू लागलं.

शेडमधला पोरगा

याच काळात शिवाजी उद्यमनगर वाढलं. ऊस आणि गुळाच्या या मुलखाला पाणी उपसायला ऑइल इंजिनं लागत होती. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या कारागिरांनी ती इथेच घडवली, दुरुस्त केली आणि त्यातून यंत्रांच्या सुट्या भागांचा धंदा पसरला.

त्या वेळी तिथे शिरणारा पोरगा सातवी-आठवी शिकलेला असायचा. सुरुवातीला झाडलोट, चहा आणणं, लोखंडाचा कीस गोळा करणं. मग हेल्पर. मग मेस्त्रीच्या शेजारी उभं राहून टूलला ग्राइंडरवर धार लावायला, चकमध्ये जॉब बरोबर मध्यावर बांधायला, व्हर्नियरवर माप वाचायला शिकायचा. पगार थोडा, पण पाच-सात वर्षांत हातात पक्कं कसब यायचं. मग जुना लेथ हप्त्याने घ्यायचा, भाड्याचा गाळा बघायचा आणि जॉबवर्क सुरू करायचं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतले अनेक कारखानदार किंवा त्यांचे वडील याच वाटेने आलेले आहेत. भांडवलाची जागा कसबाने भरून काढण्याची सोय त्या धंद्यात होती.

आज त्याच कामाला सीएनसी यंत्र लागतं. त्याची किंमत वीस-पंचवीस लाखांच्या घरात जाते. ऑपरेटर जॉब लावतो, दार बंद करतो, बटण दाबतो, निघालेला जॉब मोजून क्रेटमध्ये ठेवतो. प्रोग्रॅम दुसऱ्याने लिहिलेला असतो, टूलची सेटिंग तिसरा करतो. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेला पोरगा ठेकेदारामार्फत लागतो, मुदत संपली की दुसऱ्या ठेकेदाराकडे जातो. या वाटेनेही सेटर, प्रोग्रॅमर होता येतं आणि जिद्दीची पोरं होतात. पण पाच-सात वर्षांत स्वतःचं यंत्र घेणं जवळपास अशक्य झालं आहे. बँक तारण मागते. अण्णासाहेब पाटील महामंडळ व्याजाचा परतावा देतं, मात्र त्याआधी बँकेने कर्ज मंजूर करावं लागतं. म्हणजे हिशेब पुन्हा बापाच्या घरावर किंवा सातबाऱ्यावर येऊन थांबतो.

वीस गुंठ्यांचा हिशेब

आणि तो सातबारा दर पिढीला आखूड होतो आहे. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची सरासरी जमीन ४.२८ हेक्टर होती, म्हणजे साडेदहा एकरांच्या आसपास. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर, म्हणजे सव्वातीन एकरांवर आली. करवीर, कागल, राधानगरीकडे तर शेतीची भाषाच गुंठ्यांची आहे.

भावाभावांत वाटणी होऊन एखाद्याच्या वाट्याला वीस गुंठे ऊस आला असं धरू. एकरी चाळीस टन हे चांगलं पीक. म्हणजे त्याला वीस टन मिळतील. २०२४-२५ च्या हंगामात केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, ठरवली. इथला उतारा चांगला असला तरी तोडणी-वाहतूक वजा जाऊन हातात टनाला तीन हजारांच्या पुढे-मागेच पडतात. झाले साठ हजार. त्यातून मशागत, बियाणं, खत, पाणीपट्टी आणि विकास सोसायटीचं कर्ज कापलं जातं. आडसाली ऊस असेल तर पैसे दीड वर्षाने येतात. राजू शेट्टी यांच्या संघटनेने दरासाठी वर्षानुवर्षं रस्त्यावर लढा दिला, त्याचा फायदाही झाला. पण दर वाढला तरी वीस गुंठ्यांचे चाळीस होत नाहीत. आजोबांचं घर ज्या रानावर चालायचं, ते रान आज नातवाच्या घराला पुरत नाही.

भरतीची वर्षं

रान पुरत नाही आणि शेडमध्ये मालक होता येत नाही, तेव्हा पोरगा भरतीकडे वळतो. पहाटे विद्यापीठाच्या रस्त्यावर सोळाशे मीटरचा सराव चालतो. दिवसभर अभ्यासिकेत प्लायवूडच्या कप्प्यात एक खुर्ची, एक दिवा, मोबाइलचा चार्जर, गावाहून एसटीने आलेला डबा आणि चालू घडामोडींची वही. २०२३ मध्ये तलाठ्याच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. २०२४ मध्ये पोलीस भरतीच्या १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांच्या वर. जाहिरात निघते, परीक्षा लांबते, निकाल कोर्टात जातो आणि पोराचं वय पुढे सरकतं.

ही कहाणी एकट्या कोल्हापूरची नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि मानव विकास संस्थेच्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालानुसार देशातल्या बेरोजगारांपैकी सुमारे ८३ टक्के तरुण आहेत. बेरोजगारांत माध्यमिक किंवा त्यापुढचं शिक्षण झालेल्या तरुणांचा वाटा २००० नंतर वाढत गेला आणि २०२२ मध्ये ६५.७ टक्के झाला. पदवीधर तरुणांत बेरोजगारी २९.१ टक्के, तर लिहिता-वाचता न येणाऱ्यांत ३.४ टक्के. निरक्षर तरुणाला यातून सुख मिळालं असं नाही. बेकार राहणं त्याला परवडत नाही, म्हणून तो मिळेल ते काम धरतो. पदवीधराला मनासारख्या नोकरीची वाट पाहायला घरचा आधार असतो. बेरोजगारीचा हा आकडा थांबण्याचाही आकडा आहे.

ज्यांना नोकरी लागते त्यांचंही पूर्वीसारखं नाही. शिक्षण सेवकाला तीन वर्षं मानधनावर काढावी लागतात. प्राथमिक शाळेत ते मानधन कित्येक वर्षं सहा हजार रुपये होतं, २०२३ मध्ये सोळा हजार झालं. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला वडिलांसारखी जुनी पेन्शन उरली नाही. तीच मागत २०२३ च्या मार्चमध्ये राज्यातले कर्मचारी आठवडाभर संपावर होते. कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक चाळिशीला पोचले. २०२४ मध्ये सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, त्यात पदवीधराला महिना दहा हजार, पण काही महिन्यांपुरते. पुढे काय, हा प्रश्न त्या योजनेतल्या पोरांनीच रस्त्यावर येऊन विचारला.

कोण थांबू शकतो?

अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मोजलं: १९४० मध्ये जन्मलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के मुलं आई-वडिलांपेक्षा जास्त कमावती झाली, १९८० मध्ये जन्मलेल्यांपैकी निम्मीच. भारताची वाट वेगळी आहे. इथे देशाचं उत्पन्न वेगाने वाढतं आहे, पण ते वरच्या थरात साचतं आहे. जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे एकूण संपत्तीच्या ४० टक्के वाटा होता. संपत्ती अशी वर साचली की मेहनतीपेक्षा वारसा वजनदार ठरतो.

कोल्हापुरात हे उघड दिसतं. निवृत्त शिक्षकाचा मुलगा पाच वर्षं स्पर्धा परीक्षा देऊ शकतो. शेतमजुराचा मुलगा दुसऱ्या वर्षी अभ्यासिकेची फी थकली की गावाकडे परततो किंवा पुण्याची गाडी धरतो. हिंजवडीत नोकरी लागलेल्या दोघांपैकी ज्याचा बाप पुण्यात फ्लॅटचा पहिला हप्ता भरू शकतो, तो दहा वर्षांनी मालक असतो; दुसरा तेवढाच पगार घेऊन भाडेकरूच राहतो. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली. त्यामुळे कोल्हापुरातच इंजिनिअर होता आलं, हे मोठं काम झालं. पण त्याबरोबर शिक्षणाचा खर्च संस्थेकडून घरावर आला.

जुने दिवस सगळ्यांचे नव्हते

म्हणून जुन्या काळाला सोन्याचा मुलामा द्यायचा नाही. सहकारी कारखान्याचा सभासद व्हायला ऊस लागत होता आणि उसाला जमीन. भूमिहीनाला त्या जिन्याची पायरीच नव्हती. शाहू महाराजांनी माणगाव परिषदेला जाऊन १९२० मध्ये बाबासाहेबांना दलितांचे नेते म्हणून गौरवलं, तरी गावाची वेस लगेच मोडली नाही. दलित घरातला नातू आजोबांच्या दिवसांत परत जायला कधीच तयार होणार नाही आणि त्याचं बरोबरच आहे.

बाईचं तर उत्तरच उलटं येतं. जिच्या आईचं शिक्षण सातवीत सुटलं आणि अठराव्या वर्षी लग्न झालं, ती मुलगी आज केआयटीसारख्या अभियांत्रिकी कॉलेजात शिकते आहे. १९९४ च्या राज्याच्या दुरुस्तीने आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाइतका हक्क दिला. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी सरकार भरतं. पिढ्यांची तुलना करताना फक्त मुलगा डोळ्यांसमोर ठेवला तर ही सगळी कमाई हिशेबातून गळून पडते. मात्र शिकलेल्या या मुलीला कोल्हापुरात काम काय मिळतं, हा प्रश्न तिच्या भावाच्या प्रश्नापेक्षाही अवघड आहे.

मग करायचं काय?

थांबण्याची वर्षं कमी करायला हवीत आणि थांबावंच लागलं तर तो खर्च एकट्या बापावर पडू नये. त्यासाठी भरतीचं ठरलेलं वेळापत्रक हवं, जाहिरातीपासून नेमणुकीपर्यंत तारखा बांधलेल्या. उद्यमनगरात सामाईक सीएनसी केंद्र हवं, जिथे कसब असलेल्या पोराने यंत्राचे तास भाड्याने घेऊन जॉबवर्क करावं. जुन्या लेथची जागा आज तेच भरून काढेल. ज्या सहकाराने उसाला आणि दुधाला भाव मिळवून दिला, त्याने सभासदांच्या शिकलेल्या मुला-मुलींसाठी प्रक्रिया, दुरुस्ती, माहिती तंत्रज्ञान अशा नव्या कामांच्या संस्था काढाव्यात, भूमिहीनालाही सभासद करून. आणि पुण्या-मुंबईत पहिली नोकरी धरणाऱ्यांसाठी कोल्हापूरकरांनी बोर्डिंगं चालवावीत. शिकायला येणाऱ्याला छप्पर देण्याची रीत याच मातीतली आहे. कमवायला जाणाऱ्यालाही ते द्यायला हवं.

हे अशक्य आहे असं कोल्हापूरने म्हणू नये. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारख्यांच्या मागे उभं राहून या शहराने आपल्या रस्त्यांवरचा टोल घालवला. दशकानुदशकं पाठपुरावा करून ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे आणलं. त्याच चिकाटीने तरुणांच्या कामाचा प्रश्न हाती घ्यायला हवा. पोरं आळशी झाली असं म्हणत राहिलो तर दोष पोरांच्या माथी जाईल आणि मोडलेला जिना तसाच राहील. बापाच्या ऐपतीवर पोराचं नशीब ठरू नये, या विचाराला या शहराने सव्वाशे वर्षांपूर्वी दगड-विटांचं रूप दिलं होतं. आपल्या पिढीने त्याला आजचं रूप द्यायचं आहे आणि ते काम पुढच्या पिढीवर ढकलता येणार नाही.