संपलेला सेल टाकायचा कुठे?

कोकणात बॅटरी म्हणजे हातातली विजेरी, आणि तिच्यात घालायचे ते सेल. 2002 पासून कर्नाटकातून रानटी हत्ती दोडामार्ग तालुक्यात उतरू लागले. तेव्हापासून तिलारी खोऱ्यात केळी-माडांच्या बागा राखणाऱ्याला ही बॅटरी उशाशी ठेवूनच झोपावं लागतं. घरात भिंतीवरचं घड्याळ, टीव्हीचा रिमोट, पोरांचा कॅल्क्युलेटर असतो, आणि फडताळात फुगलेला जुना मोबाइल पडलेला असतो. यातला सेल संपला की तो परसात, केरात नाहीतर थेट पाणचुलीत जातो. दोडामार्गच्या कॉलेजांत याच तालुक्याच्या वाड्यावाड्यांतली मुलं येतात. म्हणूनच सेल गोळा करायला कॉलेजसारखी जागा नाही, असं मला मनापासून वाटतं.

मिरगात ठेवून दिलेली बॅटरी श्रावणात उघडून बघा. स्प्रिंग गंजलेली असते, सेलच्या बुडाला पांढरा चिकट थर असतो. ‘सेलनं पाणी सोडलं’ असं आपण म्हणतो. आठवीच्या पुस्तकातला कोरडा विद्युत घट आठवला तर हे पाणी कुठून आलं ते कळतं. साध्या सेलचं बाहेरचं डबडं जस्ताचं असतं, आणि ते नुसतं वेष्टन नाही, सेलचं इंधनच आहे. मधोमध कार्बनची कांडी, तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइडची काळी भुकटी, आणि नवसागर किंवा झिंक क्लोराइडचा ओलसर लगदा. वीज देता देता जस्त झिजतं, डबडं पातळ होतं, त्याला भोक पडतं आणि लगदा बाहेर येतो. पण यात धातू नाहीसा होत नाही. मँगनीज तिथंच असतं, जस्तही असतं, फक्त वेगळ्या संयुगात. संपते ती वीज. पुनर्वापराचं सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे.

आपली जमीन जांभ्याची, सच्छिद्र. पावसाळ्यात वर पडलेलं पाणी झरझर खाली मुरतं आणि विहिरीला लागतं. सोडून दिलेल्या चिरेखाणीत कचरा ओतला तर त्याचा निचराही त्याच वाटेनं जातो. शिवाय तिलारीचं पाणी कालव्यानं गोव्यात जातं, तिथली माणसं ते पितात.

आता एक गंमत पाहा. इन्व्हर्टरची बॅटरी कधी कुणी उकिरड्यावर टाकलेली दिसते का? नाही. दुकानदार जुनी बॅटरी ठेवून घेतो आणि नव्या बॅटरीच्या किमतीतून तिचे पैसे कापतो, कारण आतल्या शिशाला भाव आहे. पेन्सिल सेलला तो भाव नाही. चार सेल भंगारवाला हातात धरत नाही, चार मण जमले तर कुणीतरी विचारतं. म्हणजे अडचण रसायनाची नाही, वजनाची आणि अंतराची आहे.

कायदा आपल्या बाजूनं आहे. 2001 चे नियम फक्त शिसे-आम्ल बॅटऱ्यांपुरते होते. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या आल्या. वापरलेला माल गोळा करून त्याचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली, आणि सेल इतर कचऱ्यापासून वेगळा ठेवणं हे ग्राहकाचं कर्तव्य ठरलं. सेलवर फुली मारलेल्या चाकांच्या डब्याचं चित्र असतं, ते त्यासाठीच. बेल्जियममध्ये ‘बेबाट’ ही संस्था 1995 पासून हे काम करते आहे. युरोपीय संघानं तर 2030 पर्यंत छोट्या बॅटऱ्यांपैकी 73 टक्के परत गोळा करण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. एवढं लांब तरी कशाला जायचं? आपल्याच जिल्ह्यात वेंगुर्ले नगरपरिषदेनं कचरा दारातच वेगळा करून घेण्याची सवय लोकांना लावून दाखवली.

कॉलेजात हे काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी हाती घ्यावं आणि भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेनं साथ द्यावी. आलेला प्रत्येक सेल आधी तपासायचा. विजेरीला बराच प्रवाह लागतो, घड्याळाला अगदी थोडा. त्यामुळे विजेरीत मेलेला सेल घड्याळात कितीतरी दिवस चालतो. मुलांनी हे स्वतः मोजून पाहिलं तर अंतर्गत रोध म्हणजे काय ते पुन्हा शिकवावं लागणार नाही.

धोका आहे तो लिथियमच्या बॅटऱ्यांचा. मोबाइलच्या बॅटरीला भोक पडलं किंवा तिची दोन टोकं धातूनं जोडली गेली, तर ती आतून तापत जाते, आतला द्रव पेट घेतो आणि शेजारची बॅटरीही पेटते. म्हणून त्या साध्या सेलांत कधीच मिसळू नयेत. त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावावी, फुगलेली बॅटरी कोरड्या वाळूत, इमारतीपासून दूर ठेवावी. बटण सेलांनाही पट्टी हवी, आणि ते लहान मुलांच्या हाती मुळीच लागता कामा नयेत. गिळलेला बटण सेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो. साठवण प्लॅस्टिकच्या कोरड्या पिंपात करावी. पत्र्याचा डबा नको, आणि आपल्या पावसात उघडा व्हरांडा तर नकोच.

एक कळकळीची विनंती. उद्घाटनाचा नारळ फोडून डबा ठेवणं सोपं असतं. वर्षभरानं तो भरतो, न्यायला कुणी येत नाही, आणि शिपाई एक दिवस तो कचऱ्यात रिकामा करतो. दर महिन्याला किती किलो जमले ते फलकावर लिहावं. पण त्याआधी नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राला विचारून घ्यावं, कमीत कमी किती माल नेणार, कोणता नेणार आणि गाडीभाडं कोण देणार. प्राचार्यांनी हे पत्र आधी पाठवावं, उत्तर हाती आलं की मगच डबा ठेवावा.